नागपूरच्या मे महिन्यात टिकणारा ७८०५ सप्लाय

७८०५ म्हणजे चढउतार होणाऱ्या डीसीतून पक्के ५ व्होल्ट देणारा तीन पायांचा रेग्युलेटर आयसी. त्याच्या डेटाशीटमधले बहुतेक आकडे २५ अंश सेल्सिअसला मोजलेले असतात. नागपुरात मे महिन्यात रात्रीसुद्धा पारा तिथवर क्वचितच उतरतो. दुपारी सावलीत ४५ अंश ही नेहमीची गोष्ट, नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, त्याहून वर. त्यात सर्किट प्लास्टिकच्या बंद बॉक्समध्ये आणि शेजारी गरम होणारा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे बॉक्सच्या आत ६० अंश धरूनच हिशेब मांडावा लागतो. थंडीत टेबलावर दिवसभर नीट चाललेला सप्लाय उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता बंद पडतो आणि संध्याकाळी आपोआप सुरू होतो, यामागे बहुतेक वेळा हेच एक कारण असतं.

इथे जो सप्लाय मांडतो आहोत तो घरच्या डेझर्ट कूलरच्या कंट्रोलरसाठी आहे. पंप ठरावीक वेळ चालू-बंद करणं, टाकीतलं पाणी संपलं की पंप थांबवणं, पंख्याचे दोन वेग आणि चार आकडी डिस्प्ले, एवढं काम. ५ व्होल्टचे तीन रिले आहेत. एकेकाची कॉइल ७० ओहमची, म्हणजे प्रत्येकी सुमारे ७० मिलिॲम्पियर. डिस्प्लेला १००-१२०, मायक्रोकंट्रोलर आणि वायफाय मॉड्यूलला सरासरी शंभराच्या आसपास. एकूण ४३० पर्यंत जातं, आम्ही ५०० मिलिॲम्पियर धरतो.

रिले १२ व्होल्टचे घेऊन रेग्युलेटरच्या आधीच्या कच्च्या डीसीवर चालवा, म्हणजे ७८०५ वरचा भार कमी होईल, असा सल्ला नेहमी मिळतो. थंड जागेसाठी तो बरोबर आहे. पण तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २० अंशाला ९ व्होल्टवर ओढला जाणारा १२ व्होल्टचा रिले ६० अंशाला साडेदहा व्होल्टच्या आसपास मागतो. संध्याकाळी गल्लीतले सगळे एसी सुरू झाले आणि घरातलं व्होल्टेज १९० वर आलं, की कच्चं डीसी सरासरी दहाच्या जरा खाली घसरतं. रिले अर्धवट ओढला जातो, थरथरतो, कॉन्टॅक्ट जळतात. ५ व्होल्टच्या रिलेला गरम असताना सव्वाचार-साडेचार व्होल्ट पुरतात आणि ७८०५ त्याला पक्के पाच देतो. म्हणून इथे रिलेचा भार रेग्युलेटरवर घेतलेलाच बरा. उष्णतेची सोय मात्र करावी लागते.

ट्रान्सफॉर्मर ९-०-९ (मधल्या टॅपपासून दोन्ही टोकांना ९ व्होल्ट), १ ॲम्पियर. ०-९ घेऊन चार डायोडचा ब्रिज लावण्यापेक्षा मधला टॅप असलेला घेण्यामागे दोन कारणं आहेत. ब्रिजमध्ये करंट एका वेळी दोन डायोडमधून जातो आणि दीड-पावणेदोन व्होल्ट तिथेच जातात. मधल्या टॅपवर एकच डायोड आड येतो. दुसरं कारण बहुतेक लोक विसरतात. पुढे मोठा कपॅसिटर असला की डायोडमधून करंट सलग वाहत नाही, प्रत्येक अर्ध्या लहरीच्या टोकाला छोटे पण जोरदार ठोके येतात. त्यामुळे ब्रिजवर १ ॲम्पियरच्या सेकंडरीतून डीसी जेमतेम ०.६ ॲम्पियर घ्यावा, त्यापुढे वाइंडिंग तापतं. मधल्या टॅपवर दोन अर्धी वाइंडिंग आळीपाळीने काम करतात आणि त्याच रेटिंगमध्ये १ ॲम्पियरपर्यंत डीसी मिळतो. नागपूरच्या बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) ९-०-९ कुठल्याही सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. हातात घेऊन वजन बघावं. १८ व्हीएचा (१८ व्होल्ट गुणिले १ ॲम्पियर) ट्रान्सफॉर्मर संशय यावा इतका हलका असेल तर आत लोखंड कमी आहे, तो लोडशिवायही तापेल.

आता व्होल्टेजचा हिशेब. ७८०५ ला आउटपुटपेक्षा किमान २ व्होल्ट जास्त हवेत, म्हणजे इनपुट कधीही ७ च्या खाली जाता कामा नये. इथे सरासरीचा उपयोग नाही, रिपलचा, म्हणजे कपॅसिटरवरच्या व्होल्टेजच्या चढउताराचा, सगळ्यात खालचा बिंदू ७ च्या वर राहायला हवा. १ ॲम्पियरचा ट्रान्सफॉर्मर अर्ध्या लोडवर ९ ऐवजी सुमारे ९.६ व्होल्ट देतो. मेन्स १८० वर आला तर ते साडेसात होतात. त्याचं शिखर १०.६, डायोडचे ०.८ वजा, उरले ९.८. अर्ध्या ॲम्पियरला २२०० मायक्रोफॅरडवर १० मिलिसेकंदांत २.३ व्होल्ट उतरतात. खालचा बिंदू साडेसात. कागदावर जमतं, पण इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर छापलेल्या मायक्रोफॅरडपेक्षा २० टक्के कमी निघू शकतो. तेवढ्यात खालचा बिंदू ७ वर येतो आणि हातात काहीच उरत नाही. म्हणून ४७०० मायक्रोफॅरड. त्यावर रिपल १.१ व्होल्ट आणि खालचा बिंदू पावणेनऊच्या जवळ.

कपॅसिटर २५ व्होल्टचाच हवा. १६ व्होल्टचा स्वस्त आणि छोटा असतो म्हणून घेतला जातो. पण लोड नसताना हाच ट्रान्सफॉर्मर साडेदहा व्होल्ट देतो, आणि मेन्स २५५ ला गेला की कपॅसिटरवर १६ च्या अगदी जवळ पोचतं. शिवाय १०५ अंशांचा छाप असलेला घ्यावा. ८५ आणि १०५ मध्ये किमतीचा फरक थोडा, आयुष्याचा मोठा. दर १० अंश कमी तापमानाला इलेक्ट्रोलायटिकचं आयुष्य साधारण दुप्पट होतं.

डायोड १एन४००७ चालतात, पण चालू करतानाचा झटका ४७०० मायक्रोफॅरडमुळे मोठा असतो, म्हणून १एन५४०८. प्रायमरीला २५० मिलिॲम्पियरचा स्लो-ब्लो फ्यूज, आणि फ्यूजच्या नंतर मेन्सवरचे व्होल्टेजचे झटके शोषणारा १४डी४३१ व्हॅरिस्टर. पावसाळ्याआधीच्या वादळी संध्याकाळी लाइट जाऊन-येऊन करतात तेव्हा त्याचं मोल कळतं.

आता उष्णता. रेग्युलेटरमध्ये जळणारे वॅट म्हणजे इनपुट वजा आउटपुट, गुणिले करंट. लो-ड्रॉपआउट (इनपुट आउटपुटपेक्षा थोडंच जास्त असलं तरी चालणारा) रेग्युलेटर लावला की तो कमी तापेल असा समज फार पसरलेला आहे. तोच ट्रान्सफॉर्मर, तोच करंट असेल तर एलएम२९४० सारखा लो-ड्रॉपआउट रेग्युलेटरसुद्धा जवळपास तितकाच तापतो. त्याचा फायदा एवढाच की त्याला कमी व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर पुरतो, आणि तो बदलला तरच उष्णता कमी होते. उलट त्याला आउटपुटवर किमान २२ मायक्रोफॅरडचा योग्य कपॅसिटर लागतो, नाहीतर तो आंदोलित होतो. ७८०५ या बाबतीत फार सहनशील आहे.

उष्णतेसाठी सगळ्यात वाईट स्थिती कमी व्होल्टेजची नसून जास्त व्होल्टेजची. मेन्स २५० असताना कच्चं डीसी सरासरी १३.४ च्या आसपास. त्यातून ५ वजा करून अर्ध्या ॲम्पियरने गुणलं की ४.२ वॅट. २३० वर हाच आकडा ३.६.

७८०५ च्या नेहमीच्या टीओ-२२० पॅकेजमध्ये चिपपासून टॅबपर्यंत, म्हणजे मागच्या भोक असलेल्या धातूच्या पट्टीपर्यंत, दर वॅटला ५ अंश चढतात. टॅब आणि हीटसिंकमधल्या पेस्टचा आणि अभ्रकाचा मिळून १ अंश धरू. बाजारात सहज मिळणारा छोटा यू आकाराचा ॲल्युमिनियमचा हीटसिंक दर वॅटला २० अंशांच्या आसपास असतो. म्हणजे एकूण २६. डिसेंबरमध्ये २० अंशांच्या खोलीत, उघड्या टेबलावर, २३० व्होल्टला: ३.६ गुणिले २६ म्हणजे ९४, त्यात २० मिळवले की चिप ११४ अंशांवर. मर्यादा १२५ ची, त्यामुळे सगळं ठीक दिसतं. तेच बोर्ड मेमध्ये बॉक्सच्या आत ६० अंशांत आणि २५० व्होल्टवर: ४.२ गुणिले २६ म्हणजे १०९, अधिक ६०, एकूण १६९. तिथवर पोचण्याच्या आसपासच आतलं थर्मल शटडाउन आउटपुट तोडतं. भाग जळत नाही, हा या जुन्या आयसीचा मोठा गुण. पण कंट्रोलर बंद, पंप बंद, आणि ऐन दुपारी कूलर गरम हवा फेकू लागतो.

हीटसिंक नसताना चिपपासून हवेपर्यंत दर वॅटला सुमारे ६५ अंश. ६० अंशांच्या बॉक्समध्ये त्याच्याकडून एक वॅटच घेता येतो, म्हणजे या सप्लायवर सव्वाशे मिलिॲम्पियरही नाहीत. "एक ॲम्पियरचा रेग्युलेटर आहे" हे वाक्य हीटसिंकशिवाय अपुरं आहे.

उपाय दोन, आणि आम्ही दोन्ही करतो. पहिला, ४७०० च्या कपॅसिटरनंतर आणि रेग्युलेटरच्या आधी ३.३ ओहम, ५ वॅटचा सिमेंट रेझिस्टर. अर्ध्या ॲम्पियरला त्यावर १.६५ व्होल्ट पडतात, म्हणजे ०.८ वॅट रेग्युलेटरच्या बाहेर जळतात. रेझिस्टरला शंभर अंशांचंही काही वाटत नाही, चिपला वाटतं. १८० व्होल्टला खालचा बिंदू पावणेनऊवरून ७.१ वर येतो, पण सातच्या वर राहतो. ४.७ ओहम लावला तर तो सातच्या खाली जातो, म्हणून ३.३ च. हा रेझिस्टर बोर्डापासून चार-पाच मिलिमीटर वर उचलून सोल्डर करावा, खाली पीसीबी काळी पडते.

दुसरा उपाय, रेग्युलेटर पीसीबीच्या कडेला आणून टॅब बॉक्सच्या मागच्या भिंतीतल्या खिडकीतून बाहेरच्या हीटसिंकला बोल्ट करायचा. आता हीटसिंकला ६० नव्हे, बाहेरची ४७ अंशांची हवा मिळते. दर वॅटला १० अंशांचा, पंखे (धातूच्या पात्या) असलेला सुमारे दोन इंच लांबीचा तुकडा घेतला तर: ३.४ वॅट गुणिले १६ म्हणजे ५४, अधिक ४७, चिप १०१ अंशांवर. जे २४ अंश हातात उरतात ते धुळीसाठी. एप्रिलपर्यंत पंख्यांच्या फटी भरतात आणि हीटसिंकची ताकद घटते. पंखे उभेच हवेत, आडवे लावले तर गरम हवा वर सुटत नाही. आणि हीटसिंक सावलीच्या बाजूला. पश्चिमेच्या उन्हात टांगलेल्या काळ्या हीटसिंकला वरचा सगळा हिशेब लागू होत नाही.

७८०५ चा टॅब ग्राउंडला जोडलेला असतो, त्यामुळे एरवी अभ्रक लागत नाही. इथे मात्र हीटसिंक कूलरच्या पत्र्याला टेकण्याची शक्यता असते आणि पत्रा अर्थिंगला जोडलेला असतो, म्हणून अभ्रकाची चकती आणि बोल्टला प्लास्टिकची बुशी घालावी. वर धरलेला एक अंश त्यासाठीच. ज्यांना उणे पुरवठाही हवा असेल त्यांनी नीट लक्षात ठेवावं की ७९०५ चा (उणे ५ व्होल्टच्या रेग्युलेटरचा) टॅब ग्राउंड नसून इनपुट असतो आणि पायांचा क्रमही वेगळा. छापील बाजू समोर धरली तर ७८०५ चे पाय डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट; ७९०५ चे ग्राउंड, इनपुट, आउटपुट. छोट्या ७८एल०५ ची सपाट बाजू समोर धरली तर आउटपुट डावीकडे आणि इनपुट उजवीकडे. तिन्ही एकाच डब्यात ठेवू नयेत.

रेग्युलेटरच्या इनपुट पायाशी ३३४ छापलेला ०.३३ मायक्रोफॅरड आणि त्याला समांतर १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलायटिक. आउटपुटला १०४ छापलेला ०.१. मोठा कपॅसिटर आधीच आहे, मग हे छोटे कशाला, असं वाटतं. पण मध्ये रेझिस्टर आणि तारा आल्या, मोठा कपॅसिटर वेगाने बदलणाऱ्या करंटला तिथे पोचत नाही. छोटे कपॅसिटर पायापासून सेंटिमीटरभरात हवेत. आउटपुटच्या बाजूला वायफाय मॉड्यूलसाठी ४७० मायक्रोफॅरड लावला असेल तर एक १एन४००७ उलटा लावावा, ॲनोड आउटपुटला आणि कॅथोड इनपुटला. इनपुट आधी रिकामं झालं तर आउटपुटचा साठा रेग्युलेटरच्या आतून मागे न जाता या डायोडमधून जातो.

ग्राउंडची तार ही या सर्किटमधली सगळ्यात धोकादायक तार आहे. ती तुटली किंवा सोल्डर कच्चं राहिलं तर आउटपुट पाचवर थांबत नाही, इनपुटच्या जवळ जातं, आणि मायक्रोकंट्रोलर क्षणात संपतो. म्हणून रेग्युलेटर सॉकेटमध्ये किंवा कनेक्टरवर कधीच लावू नये. ट्रान्सफॉर्मरचा मधला टॅप थेट ४७०० च्या उणे पायाला, आणि तिथून वेगळी जाड पट्टी रेग्युलेटरच्या ग्राउंडला. चार्जिंगचे ठोके आणि रेग्युलेटरचं ग्राउंड एकाच पट्टीवर ठेवले तर आउटपुटला १०० हर्ट्झची गुणगुण येते आणि पाण्याच्या सेन्सरचं रीडिंग नाचतं.

जोडणी झाली की तपासणीचा क्रम सोडायचा नाही. मेन्सला पहिल्यांदा जोडताना ६० वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये. बल्ब क्षणभर लुकलुकून विझला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट. रेग्युलेटर अजून लावलेला नाही. मोठ्या कपॅसिटरवर १४-१५ व्होल्ट दिसायला हवेत. मग बंद करून, कपॅसिटर १०० ओहमने रिकामा करून, रेग्युलेटर सोल्डर करायचा. लोडशिवाय आउटपुट ४.८ ते ५.२ मध्ये हवं, त्याबाहेर गेलेला भाग सरळ बाजूला. मग कंट्रोलर न जोडता १० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर लोड म्हणून. तो बरोबर अर्धा ॲम्पियर घेतो.

या लोडवर अर्धा तास ठेवून टॅबचं तापमान के-टाइप थर्मोकपलने घ्यावं. लेझर ठिपक्याची तापमानबंदूक चकाकत्या धातूवर फसवते, ४० दाखवते आणि बोट ठेवलं की चटका बसतो. बंदूकच असेल तर टॅबवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा लावून त्यावर मारावी. टॅबचं तापमान अधिक वॅट गुणिले ५, म्हणजे चिपचं तापमान. बाजारात पुन्हा छापलेले, जुन्या बोर्डांवरून काढलेले ७८०५ असतात. पातळ टॅब म्हणजे नकली असं नाही, काही नावाजलेल्या कंपन्यांचे खरे भागही पातळ टॅबचे येतात. खरी परीक्षा हीच: सारख्या लोडवर एखादा भाग बाकीच्यांपेक्षा लवकर शटडाउनला जात असेल तर तो वापरू नये.

शेवटची चाचणी गरम हवेत. लोखंडी पत्र्याच्या पेटीत सर्किटचा बॉक्स आणि एका कोपऱ्यात तारेचा ६० वॅटचा बल्ब, झाकण अर्धवट. आत ५० अंश झाले की बल्ब चालू-बंद करून तिथेच ठेवायचं. थर्मोकोलची पेटी नको, बल्बजवळ ती वितळते. डिमरस्टॅटवर (व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) मेन्स आधी २५० ला तासभर, मग हळूहळू १८० पर्यंत. २५० ला आउटपुट पडलं तर उष्णता, १८० ला पडलं तर व्होल्टेज अपुरं. जानेवारीत हे केलं की मेचं भविष्य टेबलावरच दिसतं. स्वस्त पिवळ्या मल्टिमीटरवर रिपल शोधू नये, त्याची एसीची सगळ्यात खालची रेंज २०० व्होल्टची असते आणि मिलिव्होल्ट त्यात दिसत नाहीत. ऑसिलोस्कोप नसेल तर चांगल्या मीटरची मिलिव्होल्ट एसी रेंज वापरावी.

दुरुस्तीला आलेला कंट्रोलर "रीसेट होतो" एवढ्याच तक्रारीवर येतो, आणि बहुतेक जण आधी रेग्युलेटर बदलतात. त्याआधी कधी होतो ते विचारावं. दुपारी अर्ध्या-पाऊण तासाने होतो आणि थंड झाल्यावर नीट चालतो, तर हीटसिंक, धूळ, सुकलेली पेस्ट. संध्याकाळी दिवे मंद झाले की होतो, तर कपॅसिटर सुकलेला किंवा ट्रान्सफॉर्मर कमजोर. ४७०० च्या जागी मीटरवर २५०० भरले तर उत्तर मिळालं. आणि पंप बंद होण्याच्या नेमक्या क्षणी होत असेल तर रेग्युलेटरचा काही दोष नाही. मोटरची कॉइल रिलेच्या कॉन्टॅक्टवर ठिणगी टाकते, ती लहर मायक्रोकंट्रोलरच्या रीसेट पायापर्यंत पोचते. कॉन्टॅक्टवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड, २७५ व्होल्ट एसी एक्स-२ (मेन्सवर लावण्यासाठीचा सुरक्षित प्रकार) कपॅसिटर सिरीजमध्ये, रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड, आणि मोटरच्या तारा सेन्सरच्या तारांपासून दूर.

करंट ८०० मिलिॲम्पियरच्या पुढे जाणार असेल तर इथल्या उन्हाळ्यात ७८०५ चा हट्ट धरू नये. पायाला पाय जुळणारी स्विचिंग मॉड्यूल मिळतात, ती जेमतेम कोमट होतात. त्यांचा गोंगाट सेन्सरला चालत नसेल तर रिले आणि डिस्प्ले स्विचिंगवर, आणि सेन्सरपुरता वेगळा ७८एल०५ ठेवावा.

बॉक्स बंद करण्याआधी झाकणाच्या आत कागद चिकटवून त्यावर लिहून ठेवतो: लोड ०.५ ॲम्पियर, रेझिस्टर ३.३ ओहम, गरम चाचणीतलं टॅबचं तापमान, कपॅसिटर बदलल्याचं वर्ष. होळीनंतर कूलरच्या ताट्या बदलताना हीटसिंकची धूळ ब्रशने झाडायची आणि ग्राउंडच्या पायाचं सोल्डर भिंगाखाली बघायचं. कूलरजवळची ओल ते दरवर्षी थोडं थोडं खाते. पायाभोवती बारीक गोल चीर दिसली तर जुनं सोल्डर ओढून काढून नवं भरावं आणि वर पीसीबी वार्निशचा हात फिरवावा.